महाराष्ट्र राज्याची घडण व आपले शिवाजी पार्क

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेचे संपादक गेल्या गणेशोत्सवात आमच्या घरी दर्शनास आले असता, ‘गुरुजी, यंदा संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील आपल्या ज्ञातीचा वाटा या विषयावर आपण चार पाने लिहावीत’ अशी त्यांनी सूचना केली. सूचना हातात प्रसादाचा मोदक असताना झाल्यामुळे नाही म्हणणे आम्हांस कठीण गेले. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि सुमारे पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गास शिवछत्रपतींचा इतिहास शिकवला, एवढाच या विषयातील आमचा अधिकार. त्यातून आमचा जन्म १९५९ सालचा. म्हणजे महाराष्ट्र राज्य आमच्याहून एका वर्षाने धाकटे. तेव्हा पुढे जे लिहीत आहोत त्यातील पुष्कळसे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले नाही. काही ग्रंथांतून वाचलेले, आणि काही आमच्या वडिलांच्या व लालबागच्या चाळीतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. संपादकांनी दिलेला विषय आम्ही थोडासा बदलून घेतला आहे. त्याचे कारण योग्य स्थळी येईलच.

प्रारंभ शिवाजी पार्कापासून करतो. आपल्या मंडळाचे कितीतरी सभासद या मैदानाच्या आसपास राहतात, पहाटे त्याला फेऱ्या मारतात, संध्याकाळी त्याच्या कट्ट्यावर बसून देशाचे राजकारण निकालात काढतात. पण या जागेचा जन्म कसा झाला हे विचारले तर बहुतेकांची उत्तरे क्रिकेटपासून सुरू होतात. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. दाट, कोंदट वस्त्यांतून माणसे पटापट मेली. तेव्हा सरकारला जाग आली व १८९८ साली शहर-सुधारणेसाठी ट्रस्टची स्थापना झाली. दादर-माटुंगा भागात रुंद रस्ते आखून, मोकळ्या जागा सोडून नव्या वस्त्या वसवण्याचे काम पुढे या योजनांतून झाले. माहीमच्या बाजूचे हे विस्तीर्ण मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. त्याचे पहिले नाव माहीम पार्क. १९२७ साली, शिवजन्मास तीनशे वर्षे झाली असे त्या वेळी मानून उत्सव साजरा होत असताना, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून मैदानास शिवाजी पार्क हे नाव मिळाले.

या अवंतिकाबाई कोण, हे आपल्या भगिनीवर्गाने अवश्य जाणून घ्यावे. १९१७ साली महात्माजींनी चंपारणात शाळा काढल्या तेव्हा त्यांच्या हाकेला ओ देऊन मुंबईहून पतीसह तेथे शिकवायला गेलेल्या या बाई. महात्माजींचे मराठी चरित्र त्यांनी १९१८ साली लिहिले, त्यास प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. त्याच वर्षी त्यांनी हिंद महिला समाज स्थापन केला. एका शिक्षिकेने एका मैदानाला एक नाव दिले, गोष्ट एवढीच. परंतु वाचकांनी ते साल लक्षात ठेवावे. १९२७ साली महाराष्ट्र नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते. त्याला अजून तेहतीस वर्षे अवकाश होता.

मग त्या वेळी महाराष्ट्र होता तरी कोठे? आमच्या वर्गातील एका मुलाने हा प्रश्न आम्हांस एकदा विचारला होता, आणि फळ्यावर नकाशा काढल्याखेरीज उत्तर देता येईना. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक झाला तेव्हा या भूमीस स्वतःचे सिंहासन मिळाले. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि मराठी बोलणारा मुलूख निरनिराळ्या धन्यांच्या हाती गेला. कोकण, देश व खानदेश हे मुंबई इलाख्यात, आणि त्याच इलाख्यात गुजरात, कर्नाटकाचा भाग व १९३६ पर्यंत सिंधसुद्धा! विदर्भ मध्यप्रांतात. मराठवाडा निजामाच्या राज्यात. गोवा पोर्तुगीजांकडे. मधूनमधून संस्थाने. औरंगाबादच्या मराठी मुलास उर्दू माध्यमाशी झुंजावे लागे, नागपूरच्या मुलाच्या कानी हिंदी पडे, बेळगावात कानडी. सर्वांची मातृभाषा एक आणि कचेऱ्या वेगवेगळ्या. भाषेने मात्र हार मानली नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, ते याच मुंबईत. पुढे काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात आपले प्रांत भाषेप्रमाणे पाडले, तेव्हा स्वराज्य आले की भाषेप्रमाणे राज्येही येणार असे लोकांनी धरून चालणे साहजिक होते. त्यातही मुंबई शहराची प्रांतिक समिती मात्र निराळी ठेवली होती. पुढच्या साऱ्या तंट्याचे बीज तेथेच पडले असावे, असे आम्हांस वाटते.

संयुक्त महाराष्ट्राची पहिली ठाम मागणी कोणी केली? पुढाऱ्यांनी नव्हे, साहित्यिकांनी. मे १९४६ मध्ये बेळगावास मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष नागपूरचे ग. त्र्यं. माडखोलकर. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या या मंडळींनी तेथे मराठी भाषिकांचे एक राज्य झाले पाहिजे असा ठराव केला. त्याच वर्षाच्या जुलैत मुंबईत परिषद भरली व शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे काम सुरू झाले. आम्ही शाळामास्तर असल्यामुळे या गोष्टीचा आम्हांस विशेष अभिमान वाटतो. आणि ज्या गावी हा ठराव झाला ते बेळगाव राज्याबाहेरच राहिले, याची चुटपुटही तितकीच वाटते.

स्वातंत्र्य आले, पण भाषावार राज्यांचा प्रश्न दिल्लीस नकोसा झाला. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, देशाचे आणखी तुकडे पडतील ही भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. १९४८ साली दार आयोग बसला, त्याने भाषेच्या पायावर राज्ये करू नयेत असे सांगितले. १९४९ साली जवाहरलाल, वल्लभभाई व पट्टाभी या त्रिमूर्तीच्या समितीनेही सबुरीचाच सल्ला दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दार आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात मुंबई महाराष्ट्राचीच कशी, हे आकडे व इतिहास देऊन मांडले होते. विरोधकांचा एक मुद्दा असा की मुंबईत मराठी भाषिक निम्म्याहून कमी. खरे होते ते. परंतु इतर कोणत्याही एका भाषिक गटाहून ते पुष्कळ अधिक होते आणि मुंबईभोवतीची भूमी सर्व बाजूंनी मराठी होती. पुढे १९५५ साली बाबासाहेबांनी मराठी मुलखाची एकाऐवजी चार राज्ये करावीत, त्यांत मुंबई हे स्वतंत्र नगरराज्य असावे, असाही विचार मांडला. थोर पुरुषांची मते परिस्थितीप्रमाणे बदलतात. आपण मात्र आपल्याला सोयीचे तेवढे एक मत उचलून त्यांच्या नावे खपवतो.

१९५२ च्या डिसेंबरात पोट्टी श्रीरामुलू यांनी आंध्रासाठी प्राणांतिक उपोषण करून देह ठेवला आणि १९५३ साली आंध्र राज्य झाले. वाट मोकळी झाली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला नागपूर करार होऊन विदर्भाच्या पुढाऱ्यांना काही आश्वासने मिळाली. नागपुरास विधिमंडळाचे अधिवेशन भरते ते त्यामुळे. वर्षअखेर फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. १९५५ च्या शरदात त्याचा अहवाल आला तेव्हा तेलुगू, कन्नड, मलयाळी या सर्वांना आपापली राज्ये, आणि मराठी माणसाच्या वाट्याला गुजरातीबरोबर द्वैभाषिक; शिवाय विदर्भ निराळा! नोव्हेंबरात काँग्रेस कार्यकारिणीने तीन राज्यांचा तोडगा पुढे केला : गुजरात, महाराष्ट्र, आणि मुंबई वेगळी. शिर कापून धड हाती दिल्यासारखे झाले.

आता आमच्या घरातील हकिकत येते. आमचे वडील, ज्यांना आम्ही भावंडे भाऊ म्हणत असू, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. २० नोव्हेंबर १९५५ रोजी, रविवारी, चौपाटीवर मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची सभा झाली. तेथील वक्त्यांची भाषा लोकांच्या जिव्हारी लागली व सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, २१ तारखेस, गिरण्या बंद पडल्या व कामगारांचे लोंढे विधिमंडळाच्या दिशेने फोर्टकडे निघाले. फ्लोरा फाउंटनपाशी पोलिसांनी त्यांना अडवले. लाठी झाली, अश्रुधूर झाला आणि मग गोळीबार. त्या दिवशी पंधरा माणसे गेली. भाऊ त्या मोर्चात होते. ते पुढच्या रांगांत होते असे आमचे आजोबा सांगत; भाऊ स्वतः म्हणत, ‘आम्ही मागे होतो, बोरीबंदरच्या अलीकडे; पुढे काय झाले ते पळत येणाऱ्यांच्या तोंडावरून कळले.’ आम्ही भाऊंचेच खरे मानतो. त्यांच्या पायात त्या दिवशी एकच वहाण उरली होती, ही गोष्ट मात्र आई नेहमी सांगे.

पुढे जानेवारी आला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित होणार असे जाहीर केले आणि शहर पेटले. गिरगाव, लालबाग, परळ, दादर या आपल्याच भागांतून आठवडाभर गोळीबार व संचारबंदी चालू राहिली. खिडकीत उभ्या राहिलेल्या माणसांना गोळ्या लागल्या. दोन्ही खेपांचे मिळून हुतात्म्यांचा १०५ हा आकडा सर्वतोमुखी झाला. पुढे त्यात आणखी नावांची भर पडली.

या प्रसंगी एक गोष्ट लिहावी की न लिहावी, याचा आम्ही बरेच दिवस विचार केला. स्मरणिकेत सहसा असे कोणी लिहीत नाही. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर एका गुजराती गृहस्थांचे वाणसामानाचे दुकान होते. अर्ध्या चाळीचे सामान महिनाभर वहीवर जाई व पगार झाला की चुकते होई. जानेवारीच्या त्या आठवड्यात एका रात्री चाळीतल्याच काही तरुणांनी त्या दुकानाच्या फळ्यांवर दगड घातले, दोन फळ्या फोडल्या, तेलाचे डबे रस्त्यावर ओतले. भाऊ त्यांत होते काय, हे त्यांनी शेवटपर्यंत आम्हांस सांगितले नाही. आम्ही एकदा विचारले तेव्हा ते उठून गॅलरीत गेले. आमचे थोरले बंधू तेव्हा सहा महिन्यांचे. संचारबंदीत दूध मिळेना. तिसऱ्या दिवशी त्या दुकानदारांच्या पत्नीने मागच्या खिडकीतून दुधाच्या भुकटीचा डबा आईच्या हाती दिला आणि तो वहीत लिहिला नाही. ही हकिकत आईने सांगितली, तीही भाऊ गेल्यानंतर. चळवळीतील पुढाऱ्यांचे भांडण दिल्लीशी व सत्ताधाऱ्यांशी होते, गुजराती जनतेशी नव्हते, आणि त्यांनी ते वारंवार सांगितलेही. अहमदाबादेत इंदुलाल याज्ञिक महागुजरातसाठी लढतच होते व तेथेही १९५६ च्या ऑगस्टात तरुण मुले गोळ्यांना बळी पडली. परंतु सभेतील शब्द चाळीपर्यंत पोहोचता पोहोचता त्याचा दगड होतो, हेही तितकेच खरे.

आता विषय का बदलला ते सांगतो. संपादकांच्या सूचनेप्रमाणे आम्ही एके दिवशी वही-पेन्सिल घेऊन हुतात्मा चौकात गेलो. फ्लोरा फाउंटनजवळ स्मारक आहे, हाती मशाल धरलेले शेतकरी व कामगार, आणि हुतात्म्यांची नावे कोरलेली. त्यांत आपल्या ज्ञातीची नावे किती, ते आडनावांवरून काढावे असा बेत होता. आम्ही वाचू लागलो. पवार, मोरे, नागवेकर, पानवलकर. मग जोसेफ पेजारकर. एडविन साळवी. बालण्णा कामाठी. आणि चिमणलाल शेठ. येथे आमची पेन्सिल थांबली. मुंबई महाराष्ट्रास मिळावी म्हणून झालेल्या या हत्याकांडात एक चिमणलाल शेठही पडले, आणि त्यांचे नाव त्या यादीत इतरांच्या शेजारी कोरलेले आहे. ते मोर्चात होते की घरी चालले होते, आम्हांस ठाऊक नाही. तोपर्यंत वहीत आम्ही आपली म्हणून दोन आडनावे टिपली होती. आडनावे तर चार-चार ज्ञातींत सारखी असतात! त्या माणसांना आम्ही ज्ञातीच्या चाळणीतून चाळीत उभे होतो, याची लाज वाटली व वही पिशवीत घातली. तेव्हा संपादकांनी क्षमा करावी. ज्ञातीचा वाटा किती, याचा हिशेब या लेखात नाही.

लढ्याचे पुढचे पर्व अधिक बांधीव झाले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी एस. एम. जोशी, कम्युनिस्ट डांगे, शेतकरी कामगार पक्ष, दलित फेडरेशन, वयोवृद्ध सेनापती बापट, प्रबोधनकार ठाकरे आणि आचार्य अत्रे. एरवी एका पंक्तीस न बसणारी ही मंडळी एका ध्वजाखाली आली. जुलैत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. हे कुलाब्याचे खासदार, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, स्वभावाने शांत व संस्कृताचे व्यासंगी. मोर्चे काढणारांचे बोलणे दिल्लीने एका कानाने ऐकले असेल. पण मंत्रिमंडळातील अशा माणसाने खुर्ची सोडली, तेव्हा दुसरा कानही द्यावा लागला. ऑगस्टात संसदेने नवाच मार्ग काढला. मुंबई केंद्राकडे नाही, पण गुजरात-महाराष्ट्राचे एकच विशाल द्वैभाषिक! सौराष्ट्र-कच्छपासून नागपूर-चांद्यापर्यंत पसरलेले हे राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी आले व यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले.

याच काळात आपले शिवाजी पार्क खऱ्या अर्थाने महाराष्ट्राचे अंगण झाले. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला. सकाळी ‘मराठा’ वाचायचा आणि संध्याकाळी शिवाजी पार्कवर अत्र्यांना ऐकायचे, हा गिरणगावाचा शिरस्ता. भाऊ पहिल्या पाळीहून सुटले की डबा घरी टाकून लालबागहून चालत निघत. ट्रामचे पैसे वाचवायचे हा एक भाग, आणि वाटेत प्रत्येक नाक्यावर माणसे मिळत जात ही मौज दुसरी. पार्कावर पोहोचेपर्यंत त्याचा मोर्चाच झालेला असे. बसायला वर्तमानपत्राचा कागद. तोच घरी परत आणायचा, कारण आजोबांचे वाचन राहिलेले असे! अत्रे बोलायला उभे राहिले म्हणजे हशा समुद्रापर्यंत ऐकू जाई, असे भाऊ म्हणत. त्यांच्या विनोदास कधी कधी ताळतंत्र राहत नसे, हेही भाऊच म्हणत. सभेपूर्वी शाहिरांचे डफ वाजत. अमरशेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर. अण्णाभाऊंची मुंबईवरील छक्कड ऐकताना बायकामाणसांना गावी राहिलेली आपली घरे आठवत, व पुरुषांना गावी राहिलेल्या बायका. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत हा प्रश्न डफानेच पोहोचवला. आमच्यासारख्या मास्तरांनी यावर जरा विचार करावा.

१९५७ च्या निवडणुकांत समितीने पश्चिम महाराष्ट्रात व मुंबईत काँग्रेसची दाणादाण उडवली. खुद्द यशवंतराव कराडात थोड्या मतांनी तरले. गुजरात व विदर्भ यांच्या बळावर सरकार टिकले खरे, पण ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांनी कौल उलटा दिला होता. १९५८ साली गिरणगावचे कॉम्रेड मिरजकर मुंबईचे महापौर झाले. आणि ३० नोव्हेंबर १९५७ चा दिवस तर विशेष ध्यानात ठेवण्यासारखा. प्रतापगडावर शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करण्यास पंडित नेहरू आले. समितीने ठरवले, काळी निशाणे दाखवायची, परंतु एक दगडही पडता कामा नये. पसरणीच्या घाटात व पोलादपूरच्या बाजूस माणसेच माणसे उभी राहिली. खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आलेली. पंतप्रधानांची मोटार त्या घोषणांमधून गेली आणि कोठेही अत्याचार झाला नाही. मुंबईच्या जानेवारीनंतर दोन वर्षांच्या आत याच लोकांनी हा संयम दाखवला. एस. एम. जोशी यांच्यासारख्या पुढाऱ्याचे मोल आम्ही यावरून करतो. आमच्या मते फ्लोरा फाउंटनइतकाच पसरणीचा घाटही महाराष्ट्राच्या जन्मास कारण झाला.

द्वैभाषिकाचा गाडा ओढत नाही हे यशवंतरावांनीही जाणले व दिल्लीस पटवले. १९५९ साली इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षा असताना प्रश्न पुन्हा उघडला गेला व वर्षअखेर विभाजनाचा निर्णय झाला. तरीही एक मेख उरली होती. नव्या राज्याचे नाव ‘मुंबई’ ठेवण्याचे घाटत होते! ज्या नावासाठी माणसे मेली तेच गाळायचे. लोकांनी ते चालू दिले नाही आणि विधेयकात ‘महाराष्ट्र’ हे नाव आले. ३० एप्रिलच्या रात्री राजभवनात नेहरूंच्याच हस्ते समारंभ होऊन १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले. श्रीप्रकाश राज्यपाल, यशवंतराव मुख्यमंत्री. आम्ही त्या वेळी वर्षाचेही नव्हतो. भाऊंनी आम्हांस खांद्यावर घेऊन रोषणाई दाखवली म्हणतात. तळमजल्यावरच्या दुकानदारांनी त्या दिवशी चाळीतील मुलांना पेढे वाटले. ते कोणत्या राज्याच्या आनंदाचे, हे कोणी विचारले नाही. त्याच दिवशी गुजरातही जन्मले होते.

पदरात पडले त्यात उणेही राहिले. डांग गुजरातेत गेला. बेळगाव, कारवार, निपाणी म्हैसूर राज्यात होती, ती तेथेच राहिली. १९६६ साली महाजन आयोग नेमला, १९६७ साली त्याचा अहवाल आला व तो महाराष्ट्राने नाकारला. २००४ साली राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा गुदरला. आपल्या मंडळातील ज्या कुटुंबांची सोयरीक बेळगाव-खानापूरकडे आहे त्यांना हे अधिक सांगायला नको. गोव्याची कथा निराळी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि १९६७ साली तेथील जनतेस महाराष्ट्रात यावयाचे काय असे मतदानाने विचारण्यात आले. जनता नाही म्हणाली. ते मतदान १६ जानेवारीस झाले, मुंबई केंद्रशासित होणार ही घोषणा ज्या तारखेस झाली होती त्याच तारखेस! आपल्याकडील पुष्कळांना त्या कौलाचे वाईट वाटले. परंतु मुंबईसाठी आपण लोकेच्छेचा आधार घेतला होता. मग गोव्याच्या लोकेच्छेवर रुसण्याचा आपणांस काय अधिकार?

पार्कावर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला तो १९६६ साली, लोकवर्गणीतून. महाराजांच्या हाती उपसलेली तलवार नाही, हात पुढे केलेला आहे. आम्ही शाळेची सहल घेऊन जात असू तेव्हा मुले हटकून विचारीत, ‘गुरुजी, महाराज काय दाखवताहेत?’ आम्ही दरवेळी निराळे उत्तर देत असू. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात येथे शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा झाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीस येणारे लक्षावधी अनुयायी याच मैदानात उतरतात. कोणी उपाशी राहत नाही व पुस्तकांचा खप तेथे होतो तेवढा आम्ही अन्यत्र पाहिलेला नाही. १ मे रोजी सकाळी येथेच संचलन होऊन राज्यपाल मानवंदना घेतात. २०१० साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने येथील ध्वनिवर्धकांवर निर्बंध आले; मोजक्या दिवसांना सूट मिळाली, त्यांत १ मे व ६ डिसेंबर हे दिवस आहेत. मैदानाच्या कडेस संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दालनही आहे. आम्ही तेथे तीनदा गेलो. तिन्ही वेळा रखवालदाराखेरीज आम्ही एकटेच होतो.

आणि ज्यांनी मुंबई मिळवली त्यांचे काय झाले? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. त्यांतले किती परत आत गेले हे आपल्या मंडळातील वडीलधाऱ्यांना विचारावे. भाऊ गेले नाहीत. आमची चाळही गेली, आम्ही डोंबिवलीस आलो. आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गात अठ्ठावन्न मुले होती, शेवटच्या वर्षी अकरा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचे ऐकले तेव्हा आनंद झालाच. त्याच संध्याकाळी नातवास म्हटले, ‘अरे, एकोणसत्तर म्हणजे किती?’ तो म्हणाला, ‘आजोबा, इंग्रजीत सांगा ना.’ त्यास आम्ही दोष देत नाही. त्याची शाळा आम्हीही पसंत केली होती.

लेख येथे संपवून एक विनंती करतो. वर्गणीच्या पावत्या, ‘मराठा’चे जुने अंक, सत्याग्रहात शिक्षा झाल्याचे तुरुंगाचे दाखले, समितीचे बिल्ले, प्रभातफेऱ्यांची छायाचित्रे असे काही आपल्या घरी ट्रंकेत पडले असेल तर ते रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाच्या कार्यालयात आणून दाखवावे. छायाप्रत काढून मूळ कागद आठ दिवसांत परत केला जाईल. घरात ऐंशीच्या पुढची माणसे असतील तर त्यांना त्या दोन वर्षांविषयी विचारून, ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. न सांगण्यासारखे असेल तेही. आम्ही स्वतः दर रविवारी सकाळी दहा ते बारा कार्यालयात बसतो. आमच्याकडे भाऊंची एक वहाण आहे, आणि दुधाच्या भुकटीचा तो रिकामा डबा, ज्यात आई पुढे चाळीस वर्षे मोहरी ठेवीत असे.